तेल निघेलच, उरलेलं कुठं न्यायचं?

आमच्या माळ्यावर एका जुन्या टीव्हीची नुसती पाठ पडून आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली, तेव्हा गावभागातल्या आमच्या खालच्या खोलीत छताला हात लागेल इतकं पाणी होतं. पाणी उतरलं आणि गल्लोगल्ली गाद्या, वह्या, फुगलेल्या प्लायवूडची कपाटं यांच्याबरोबर टीव्ही, फ्रीज, मिक्सर, इन्व्हर्टर यांचे ढीग लागले. भंगारवाले मिरजेहून आले, इचलकरंजीहून आले. आमचा पिक्चर ट्यूबचा टीव्ही एकानं दारातच फोडला. नळीच्या मानेवरची तांब्याची गुंडाळी काढली, बोर्ड उचकटला, स्पीकरचं चुंबक घेतलं, स्क्रूसुद्धा सोडले नाहीत. काळी पाठ मात्र उचलून परत ओट्यावर ठेवली.

"हे ऱ्हाऊ द्या सर. पांढरं असतं तर नेलं असतं. काळं फायबर कोण घेत न्हाई."

(फायबर म्हणजे कडक प्लास्टिक. भंगाराच्या धंद्यात टीव्हीची पाठ, प्रिंटरचा सांगाडा, मिक्सरची बॉडी हे सगळं फायबरच.)

मी ती पाठ टाकली नाही. तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवल्यावर कुठल्याही टाकाऊ वस्तूत प्रात्यक्षिक दिसायची खोड लागते. तांब्याची तार सांडशीत धरून गॅसवर लाल होईपर्यंत तापवायची आणि त्या पाठीच्या कोपऱ्याला टेकवायची. किंचित प्लास्टिक वितळून तारेला चिकटतं. तार पुन्हा ज्योतीत धरली की ज्योत हिरवीगार होते. प्लास्टिकमध्ये क्लोरिन किंवा ब्रोमिन असल्याची ही खूण. पुस्तकात तिला बाइलश्टाइन चाचणी म्हणतात. हीच तार स्वच्छ करून दह्याच्या डब्याच्या झाकणाला लावली तर ज्योत पिवळीच राहते. करून बघणार असाल तर खिडकी उघडी ठेवा, आणि तिळाएवढंच प्लास्टिक घ्या. तो धूर चांगला नसतो.

आता मुद्द्यावर येतो. दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी मोबाइलवर व्हिडिओ पाठवतं. एका बाजूनं भट्टीत प्लास्टिकचा कचरा जातो, दुसऱ्या बाजूनं नळीतून सोनेरी तेल बाटलीत पडतं, आणि कुणीतरी त्या तेलावर दुचाकी चालवून दाखवतं. खाली लिहिलेलं असतं, "आपल्या जिल्ह्यात हे का होत नाही?" अलीकडे त्यात ई-कचऱ्याची भर पडली आहे. धातू काढून उरलेल्या कॉम्प्युटर-टीव्हीच्या प्लास्टिकचं डिझेल करा, कचराही जाईल, इंधनही मिळेल. ऐकायला गोड आहे. माझं म्हणणं एवढंच की, तेल निघतं यात वादच नाही. पण असा प्रकल्प किती तेल निघालं यावरून जोखायचा नसतो, काय उरलं आणि ते कुठं गेलं यावरून जोखायचा असतो. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याला हे समजावून सांगावं लागेल. सांगलीला लागू नये, कारण आपण मळी पाहिली आहे. त्याकडे पुढं येतोच.

आधी तेल कसं निघतं ते बघू. लाकडाचा कोळसा पाडणारे जी युक्ती करतात तीच ही. हवा लागू न देता तापवायचं. हवा नाही म्हणून पदार्थ पेटत नाही, नुसता मोडतो. प्लास्टिकच्या लांबच लांब साखळ्या चारशे-पाचशे अंशांना तुटतात, तुकड्यांची वाफ होते, वाफ गार केली की तेल. जी वाफ गार होऊनही द्रव होत नाही तो गॅस, तो भट्टीखाली जाळतात. तळाशी काजळी उरते. पॉलिथिन किंवा पॉलिप्रॉपिलिन असेल तर हे काम फार चांगलं होतं, कारण त्यात कार्बन आणि हायड्रोजनशिवाय काही नसतं. डिझेलमध्ये तरी दुसरं काय असतं? देहरादूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेनं 2019 मध्ये दिवसाला एक टन प्लास्टिक घेणारा प्रकल्प सुरू केला, तेव्हा टनामागं सुमारे 800 लिटर डिझेलचा हिशेब मांडला होता. पुण्यात रुद्र एन्व्हायर्न्मेंटल सोल्यूशन्स घराघरांतलं प्लास्टिक गोळा करून त्याचं इंधन करते. त्या व्हिडिओंतलं सोनेरी तेल खोटं नसतं. ते पिशव्यांचं आणि डब्यांचं तेल असतं.

टीव्हीची पाठ म्हणजे पिशवी नव्हे. तिथं असतं एबीएस नाही तर हिप्स (पॉलिस्टायरिनचा चिवट प्रकार), कुठं पॉलिकार्बोनेट, ही सगळी कडक प्लास्टिकं, आणि वायरींवर पीव्हीसी. हिप्स तापवलं की स्टायरिन, टोल्यूइन, इथिलबेंझिन असले पदार्थ निघतात. हे तेल दिसायला छान, पातळ, वासाला थिनरसारखं. पण डिझेल इंजिनाला जे लागतं ते हे नव्हे. स्वतःहून पेट घेण्याचा गुण त्यात कमी. शिवाय त्यातलं स्टायरिन कॅनमध्ये ठेवल्या ठेवल्या पुन्हा साखळ्या धरू लागतं आणि तेल चिकट होत जातं. एबीएसमधला पहिला ए हा अॅक्रिलोनायट्राइलचा, म्हणजे त्यात नायट्रोजन आला. तो तेलात उतरतो आणि जाळल्यावर धुरात जातो. 2020 च्या एप्रिलपासून आपल्या पंपावरच्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत दहा भागांपेक्षा जास्त गंधक चालत नाही. इतक्या काटेकोर इंधनाच्या जमान्यात कॅनमधलं हे तेल ट्रॅक्टरच्या टाकीत ओता म्हणणाऱ्यानं आधी स्वतःच्या ट्रॅक्टरमध्ये ओतावं.

पण हे दुय्यम. तेल शुद्ध करता येतं, बॉयलरमध्ये वापरता येतं. खरी गोष्ट त्या हिरव्या ज्योतीची आहे.

टीव्ही आतून तापतो, ठिणगी पडू शकते, आणि नुसतं हिप्स कापरासारखं पेटतं. म्हणून कारखान्यातच त्यात ब्रोमिनयुक्त अग्निरोधक मिसळत. चिमूटभर नव्हे, कित्येक पाठींत वजनाच्या दहा टक्क्यांच्या आसपास, जोडीला अँटिमनी ऑक्साइड. हे करणारे लोक दुष्ट नव्हते, घरं जळू नयेत म्हणूनच ते केलं. नंतर कळलं की यातली काही रसायनं निसर्गात विरत नाहीत, चरबीत साठतात, आईच्या दुधापर्यंत पोचतात. अशा न विरणाऱ्या रसायनांवरच्या स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत त्यांतली काही 2009 मध्ये गेली, सर्वांत जास्त वापरलेलं डेकाबीडीई 2017 मध्ये गेलं. आपल्याकडेही नव्या उपकरणांत या कुळीतल्या रसायनांना 0.1 टक्क्याची मर्यादा आहे. पण कचरा नव्या उपकरणांचा होत नसतो. आज माळ्यावरून, गोडाऊनमधून, बँकेच्या आणि शाळेच्या अडगळीच्या खोलीतून जे बाहेर पडतं आहे ते त्या मर्यादेच्या आधीचं आहे.

आता हे भट्टीत घाला. हायड्रोजन ब्रोमाइड सुटतो, पाइप खातो. ब्रोमिन तेलात उतरतो. आणि भंगारवाल्यानं कितीही निगुतीनं तांबं काढलं तरी तुकडे राहतातच. ब्रोमिन किंवा क्लोरिन, सोबत तांबं, आणि तीनशे-चारशे अंशांवरून सावकाश गार होणारा धूर. डायॉक्सिन हे जहाल विष तयार करायला याहून सोयीची मांडणी कुणी मुद्दाम शोधली तरी सापडणार नाही. म्हणूनच घातक कचरा जाळताना 1100 अंशांचं तापमान आणि नंतर धूर झटकन गार करणं यांवर एवढा भर असतो. पाचशे अंशांची भट्टी आणि पत्र्याची चिमणी या दोघांच्या बळावर ते होत नाही.

शास्त्रज्ञांना हे ठाऊक आहे आणि त्यांनी त्यावर मार्गही काढले आहेत. आधी तीनशे अंशांच्या आसपास तापवून बराचसा ब्रोमिन पहिल्या टप्प्यातच काढून घ्यायचा, मग तापमान वाढवून तेल काढायचं. चुना किंवा लोखंडाचे ऑक्साइड वापरून ब्रोमिन बांधून ठेवायचा. झिओलाइट हा उत्प्रेरक वापरून तेल हलकं करायचं. हे सगळं प्रयोगशाळेत चालतं, मी त्याला हसत नाही. पण चुन्यानं बांधलेला ब्रोमिन चुन्यात असतो. धूर धुतलेल्या पाण्यातला ब्रोमिन पाण्यात असतो. अँटिमनी आणि शिसं काजळीत असतं. पदार्थ नाहीसा होत नाही हे आपण मुलांना शाळेत शिकवतो आणि मोठेपणी प्रकल्प अहवाल वाचताना विसरतो. अहवालात तेलाचा रकाना ठळक असतो. गाळ, काजळी, धुवण यांच्यापुढं लिहिलेलं असतं, "योग्य विल्हेवाट".

तर मळी. साखर कारखान्यात उसाचा रस आटवून साखर काढून घेतल्यावर उरते ती मळी. एके काळी ती ठेवायची कुठं हाच प्रश्न होता. तिच्यापासून अल्कोहोल काढायला लागलो तेव्हाही बोलण्याची भाषा हीच होती, टाकाऊतून इंधन. ती खोटीही ठरली नाही. आज पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळतात आणि त्यात आपल्या कृष्णाकाठचा वाटा आहे. पण लिटरभर अल्कोहोलमागं दहा-बारा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे आसवनीचं सांडपाणी, निघतो, काळपट तपकिरी, कढत, आंबूस. कित्येक वर्षं तो खड्ड्यात साठवला, शेतात सोडला, ओढ्याला सोडला. विहिरींचं पाणी चहाच्या रंगाचं झालेलं माझ्या पिढीनं पाहिलं आहे. नदीत माशांचे खच तरंगले की मळीचं पाणी सुटलं होतं की शहराचं सांडपाणी आणणाऱ्या शेरी नाल्याचं यावर पेपरात आठवडाभर भांडण, नंतर पुढच्या माशांपर्यंत शांतता. आसवन्यांनी एक थेंबही बाहेर सोडायचा नाही, असं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं कारखानदारांकडून लिहून घेतलं ते 2003 साली. पुढं प्रेसमडबरोबर, म्हणजे रस गाळल्यावर उरणाऱ्या चोथ्याबरोबर, खत करणं आलं, स्पेंटवॉश आटवून जाळणारे बॉयलर आले, खर्च कोट्यवधींत गेला. म्हणजे उपाय होताच. तो पहिल्या दिवशी भांडवलात धरला नव्हता, एवढंच. तो खर्च दरम्यानच्या काळात नदीनं आणि काठावरच्या विहिरींनी भरला.

इथेनॉलच्या बाबतीत निदान असं म्हणता येतं की इंधन खरोखर डोळ्यांत भरेल इतकं निघालं. ई-कचऱ्यातल्या प्लास्टिकचा हिशेब मांडून बघा. केंद्राच्या आकड्यांनुसार 2022-23 मध्ये देशात 16 लाख टनांच्या आसपास ई-कचरा झाला. साधारण पाचवा हिस्सा प्लास्टिक धरू, म्हणजे सव्वातीन लाख टन. सगळं गोळा झालं, सगळ्यांतून टनाला आठशे किलो तेल निघालं असं अगदी उदार मनानं धरलं, तरी अडीच लाख टनांवर फारसं जात नाही. देशाला वर्षाला सुमारे 23-24 कोटी टन पेट्रोलियम पदार्थ लागतात. म्हणजे वर्षभराची ही सगळी खटपट देशाचा अर्धा दिवससुद्धा भागवत नाही. त्यात सांगली जिल्ह्याच्या वाट्याला काय येईल ते सांगायला नको. बाजारात तुरी!

म्हणून या गोष्टीला ऊर्जा प्रकल्प म्हणणंच मला मान्य नाही. ही कचऱ्याची विल्हेवाट आहे. विल्हेवाटीला पैसे पडतात, ते कुणीतरी द्यावे लागतात. ती "इंधन निर्मिती" म्हणवली की उलटी अपेक्षा सुरू होते, प्रकल्पानं स्वतःचं पोट स्वतः भरावं. तेल विकून पोट भरायचं म्हटलं की पहिली काटछाट कुठं होणार? चुन्यात, धूर धुण्यात, काजळीच्या वाहतुकीत. इथून काजळीचा ट्रक घातक कचऱ्याच्या केंद्रावर रांजणगावला पाठवायचा तर भाडं आणि तिथली फी दोन्ही द्यायची. रात्री माळावर खड्डा घ्यायला जेसीबी तासाच्या भाड्यानं मिळतो. टायरपासून तेल काढणाऱ्या भट्ट्यांबद्दल हरित लवादापुढं काय काय आलं ते आठवावं. तिथं तर ब्रोमिनचा एवढा प्रश्नही नव्हता.

यावर एक उत्तर येतं आणि ते वजनदार आहे. माझाच एक विद्यार्थी, आता कुपवाडला छोटा उद्योग चालवतो, मला म्हणाला, "सर, तुम्ही भट्टीला नावं ठेवताय; पण आज त्या प्लास्टिकचं काय होतंय? गावाबाहेर वायरी जाळतात तो काळा धूर तुम्हीही बघता. त्यापेक्षा भट्टी बरी नव्हे का?" बरी आहे. उघड्यावर जाळणं हे सर्वांत वाईट, त्याच्याशी तुलना केली तर कुठलीही बंद भट्टी उजवी ठरेल. पण वायरी जाळणारा तांब्यासाठी जाळतो, प्लास्टिकला कंटाळून नव्हे. भट्टी आली म्हणून तो थांबत नाही. तो थांबतो वायर सोलायचं मशीन परवडलं की. आणि माझ्या टीव्हीची पाठ तर कुणी जाळलीही नाही, कारण ती न्यायलाच कुणी तयार नव्हतं. दुखणं भट्टीच्या आधीचं आहे.

ते दुखणं कायद्यातही दिसतं. ई-कचऱ्याचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू झाले. उपकरणांची यादी 106 पर्यंत वाढली, उत्पादकांवर टक्केवारीची उद्दिष्टं आली. आधी 60, मग 70, मग 80. पुनर्वापर करणाऱ्यानं मालावर प्रक्रिया केली की त्याला प्रमाणपत्र मिळतं आणि उत्पादक ते विकत घेतो. कल्पना चांगली. पण प्रमाणपत्र मोजलं जातं ते सोनं, तांबं, अॅल्युमिनियम आणि लोखंड या चार धातूंवर. प्लास्टिक नीट वेगळं केलं, ब्रोमिनचं बाजूला काढलं, सुरक्षित जागी पोचवलं, याला वेगळं मोल नाही. म्हणजे दिल्लीतल्या नियमाचा आणि आमच्या गल्लीतल्या भंगारवाल्याचा हिशेब तंतोतंत एकच निघाला: तांबं काढलं की भाव संपला. फरक एवढाच की भंगारवाला ते तोंडावर सांगतो.

मला विचाराल तर भट्टीचा पैसा आधी निवडण्यात घालावा. शिराळ्याकडं भाताचं बी पेरायच्या आधी मिठाच्या पाण्यात टाकतात. पोचट वर येतं, भरीव तळाला बसतं. प्लास्टिकलाही तेच लागू आहे. लिटरभर पाण्यात दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम मीठ विरघळवलं की त्या पाण्यावर साधं एबीएस आणि हिप्स तरंगतं. ब्रोमिन भरलेलं जड असतं, ते बुडतं. मी बादलीत करून पाहिलं. प्रिंटरच्या ट्रेचा तुकडा वर राहिला, टीव्हीच्या पाठीचा तुकडा सरळ तळाला गेला. परीक्षा पक्की नाही, पॉलिकार्बोनेट ब्रोमिनशिवायही बुडतं. पण बुडालेलं सगळं संशयित धरायला हरकत काय? त्यावर पक्का निकाल देणारं एक्स-रेचं हातातलं यंत्र काही लाखांना येतं. सांगली-मिरज-कुपवाड या तिन्ही शहरांच्या महापालिकेला एक यंत्र जड नाही.

तरंगलेल्या मालाचे दाणे करून पुन्हा प्लास्टिकच करावं. चांगल्या एबीएसला बाजार आहे, त्याचं तेल करणं म्हणजे सागवान चुलीत घालणं. बुडालेला माल तेलाच्या भट्टीच्या आसपासही फिरकू देऊ नये. तो मोजून-मापून जाळायचा, घातक कचऱ्याच्या भस्मकात, किंवा सिमेंटच्या भट्टीला जेवढा झेपेल तेवढा तिथं. कलबुर्गीकडच्या सिमेंट भट्ट्या आपल्याला फार लांब नाहीत आणि त्यांच्या आतलं तापमान 1450 च्या घरात असतं. आणि या दोन्हींत न बसणारं, दाणे होण्याच्या पलीकडं गेलेलं, पण ब्रोमिन नसलेलं जे उरेल त्याचं खुशाल तेल काढा. तालुक्या-तालुक्याला भट्टी नको. दोन-तीन जिल्ह्यांत मिळून एक, नीट भांडवलाची, आणि रोजचा हिशेब फाटकावर लिहिणारी: एवढे किलो आत आले, एवढं तेल, एवढी काजळी, काजळीचा ट्रक अमुक तारखेला अमुक ठिकाणी पोचला. जागा निवडताना पूररेषा बघा हे सांगलीत लिहावं लागू नये, पण 2005, 2019 आणि 2021 पाहिल्यावर लिहून ठेवलेलं बरं.

हे ऐकून माझा तो विद्यार्थी म्हणाला, "म्हणजे भट्टीला काय उरलंच नाही की सर." बरोबर आहे. थोडंच उरतं.

परवा तोच भंगारवाला हातगाडी घेऊन गल्लीत आला होता. त्याला म्हटलं, वर अजून ती काळी पाठ आहे, नेतोस का? हसला. "किलोला दोन रुपयं कोण तरी देऊ द्या, माळ्यावर चढून आणतो." मग माझ्याकडून रद्दी आणि एक बंद पडलेला स्टॅबिलायझर घेतला. स्टॅबिलायझर हातात तोलून बघितला, तांब्याचा की अॅल्युमिनियमचा ते दोनदा विचारलं, आणि गाडीवर टाकून पुढं गेला.